लखोबाचा सिनेमा काढणाऱ्यांना, काकतीहून

गाजलेल्या मराठी नाटकांवर चित्रपट काढणाऱ्या सर्व निर्माता-दिग्दर्शकांस,



२०२३च्या गुढीपाडव्याच्या सुमारास ‘फुलराणी’ चित्रपट आला. विश्वास जोशी दिग्दर्शक, सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर त्यात, आणि गोष्ट उचलून आजच्या काळात आणलेली. आमच्याकडे त्यावर जे काही बोललं गेलं त्याचा गोषवारा दोन शब्दांचा होता: नाटक बरं. म्हणणाऱ्यांना जरा खोदून विचारलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुलंची ‘ती फुलराणी’ रंगमंचावर पाहिलेलीच नव्हती. ते नाटक आलं १९७५च्या जानेवारीत, गाजवलं भक्ती बर्वे यांनी, आणि बेळगावजवळच्या आमच्या काकतीतून उठून मुंबई-पुण्याला नाटक बघायला जाणारं तेव्हा कोण होतं? यांनी ऐकलं होतं ते गॅदरिंगमधलं स्वगत, जे दर वर्षी कुणी ना कुणी मुलगी कमरेला पदर खोचून म्हणतेच. पण मत ठाम.

अशा मतांवर तुम्ही चिडत असाल. न बघितलेल्या नाटकाशी आमच्या चित्रपटाची तुलना करता, हा कुठला न्याय, असं तुम्हाला वाटत असणार. पण हे मत वाटतं तितकं पोकळ नाही. विनोदी नाटकात प्रेक्षकाला काम असतं. तो हसतो, नट थांबतो, हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. हशा जोरात आला तर नट वाक्य ताणतो, थंड आला तर मुकाट पुढे सरकतो. पडद्यावरचा नट सहा महिन्यांपूर्वी थांबून मोकळा झालेला असतो. आपण हसलो काय, न हसलो काय, त्याला पत्ता नाही. नाटक बरं म्हणणारा माणूस चित्रपटाला नावं ठेवतोय असं दिसतं. खरं तर आपलं काम गेल्याची तक्रार करतोय.

‘गाढवाचं लग्न’चं हेच. दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार ज्यांनी जत्रेत बघितला, ते सांगतात की त्या गावच्या सरपंचाला, तिथल्या फौजदाराला, पुढ्यात बसून तंबाखू मळणाऱ्या म्हाताऱ्यालाही त्या रात्रीच्या वगात जागा मिळायची. मकरंद अनासपुरेंनी चित्रपटात सावळ्या केला. आमच्याकडे तो आवडीनं बघितला गेला, अजूनही टीव्हीवर लागला की कुणी उठत नाही. पण त्यातला सावळ्या काकतीत जे बोलतो तेच काटोलला बोलतो. वगाचं अर्धं रक्त बतावणीत असतं, आणि बतावणी रिळावर घेतली की ती संवाद होते.

आता मुद्द्यावर येतो. आज ना उद्या तुमच्यापैकी कुणीतरी ‘तो मी नव्हेच’ मराठी पडद्यावर आणणार, याबद्दल मला शंका नाही. म्हणून हे पत्र आगाऊ. कारण त्यातला आरोपी आमच्या बाजूचा आहे. लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. काकतीहून महामार्गाला लागलं की तास-सव्वा तासात माणूस त्याच्या पत्त्यावर पोचतो.

हे विनोदी नाटक आहे का, असं कुणी विचारील. बायकांना फसवणाऱ्या माणसाचा खटला चाललाय, यात हसण्यासारखं काय? पण लोक ते बघायला हसण्यासाठीच जात आले. कोर्टात साक्षीदारांमागून साक्षीदार उभे राहतात, एकेक बाई हा माझा नवरा म्हणून बोट दाखवते, आणि पिंजऱ्यातला माणूस शांतपणे, अदबीनं, आपला त्या गावाशी संबंधच नाही असं सांगत राहतो. त्या निर्लज्ज अदबीला लोक हसतात. आचार्य अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ आणि ‘मोरूची मावशी’ लिहून हात बसवला होता. माधव काझीच्या खऱ्या खटल्यावरून नाटक लिहितानाही तो हात सुटला नाही.

अत्रे सिनेमावाले होते हेही विसरू नका. १९३८ साली मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ पडद्यावर धुमाकूळ घालत होता तो त्यांच्या लेखणीवर. ‘श्यामची आई’ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, त्याचे दिग्दर्शकही तेच. असा माणूस, सिनेमा हातचा असताना, ही गोष्ट नाटक म्हणून लिहितो, त्याअर्थी तिला पडदा नको, रंगमंच हवा, असं त्याला दिसलं असणार. का दिसलं असेल याचा विचार करूनच पटकथेला बसा.

८ ऑक्टोबर १९६२ला दिल्लीत पहिला प्रयोग झाला. नाट्यनिकेतनची निर्मिती, मो. ग. रांगणेकरांचं दिग्दर्शन आणि प्रभाकर पणशीकर पाच रूपांत: लखोबा, दिवाकर दातार, दाजीशास्त्री, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज. आणि फिरता रंगमंच. साक्षीदार बोलायला लागला की कोर्ट फिरून मागे जाई आणि पुढे येई ते कुणाचं तरी घर. मघाशी पिंजऱ्यात उभा असलेला माणूस तिथे दुसऱ्याच कपड्यांत, दुसऱ्याच आवाजात हजर! मंच फिरायला लागतात ते काही क्षण. तेवढ्यात टोपी, कोट, मिशी, चाल, सगळं बदलायचं. टाळी पडायची ती त्या क्षणांना. विंगेत काय धांदल उडाली असेल हे प्रेक्षकाला दिसत नसे, पण ती उडाली हे त्याला माहीत असे.

पडद्यावर ही टाळी मरते. कॅमेरा बंद करा, नटाला चार तास मेकअपच्या खुर्चीत बसवा, दुसऱ्या दिवशी चित्रीकरण करा. कट मारला की माणूस बदलला. यात नटानं काय केलं? १९६४च्या तमिळ ‘नवरात्री’त शिवाजी गणेशननी नऊ भूमिका केल्या. त्याच्याच हिंदी अवतारात, १९७४च्या ‘नया दिन नई रात’मध्ये, संजीवकुमारनं नऊ केल्या. पुढे ‘दशावतारम’मध्ये कमल हासननी दहा. लोक बघून आले आणि म्हणाले, ओळखूच आला नाही हो. ही दाद अर्धी रंगभूषाकाराची. पणशीकरांना कुणी ओळखू आले नाहीत म्हणालं असतं तर तो त्यांचा पराभव ठरला असता. ओळखू येत होते, तेच आहेत हे हजार माणसं डोळ्यांनी बघत होती, आणि तरी पिंजऱ्यातला म्हणत होता, तो मी नव्हेच. सारा विनोद या ओळखीवर उभा आहे. पुढे त्यांनी आत्मचरित्राला ‘तोच मी!’ असं नाव दिलं ते उगाच नव्हे.

१९७४ सालीच हिंदीत या नाटकावर ‘वो मैं नहीं’ निघाला. मोहन सैगल दिग्दर्शक, नवीन निश्चल नायक. आज त्याचं नाव काढलं तर आमच्याकडे जुन्या सिनेमावेड्यांखेरीज कुणाला आठवत नाही. देखणा नायक घेतला की बायका त्याला भुलतात याचं कुणाला नवल वाटत नाही, आणि नवल गेलं की हसूही गेलं. लखोबा दिसायला चारचौघांसारखाच हवा. बाजारात तंबाखूचा भाव विचारताना भेटला तर लक्षातही राहू नये असा. मोठं नाव घेऊ नका ही पहिली विनंती. मोठ्या नटाला प्रेक्षक ओळखतो ते वेगळ्या कारणासाठी.

मग टाळी कुठून आणायची? मला सुचतं ते सांगतो. मी सिनेमाचं शिक्षण घेतलेलं नाही, पण गेली कितीतरी वर्षं तिकीट काढून बघतो आहे, तेवढा अधिकार पुरे समजा. कट मारूच नका. लखोबा पिंजऱ्यात उभा आहे, साक्षीदार बाई सांगते आहे, कॅमेरा त्याच्या तोंडावर. मिशी नाही, कोट नाही, काही नाही. बाईनं दिवाकर दातारचं नाव काढलं की त्या तोंडावर क्षणभर दातार उमटावा आणि लगेच पुसला जावा. कोर्टाला कळू नये, आपल्याला कळावं. नाटकाला हे जमलं नसतं. विसाव्या रांगेतल्या माणसाला नटाचा डोळा दिसत नाही. तुम्हाला दिसतो. रंगमंच फिरायचा तो आता त्या डोळ्यात फिरू द्या.

कोर्टात कॅमेरा कसा बसवायचा याचे धडे मराठीत आहेत. सत्यदेव दुबेंनी १९७१ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पडद्यावर आणलं, सुलभा देशपांडे बेणारेबाईंच्या भूमिकेत होत्या. त्याहून जवळचा धडा चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’चा. तिथे कॅमेरा हलत नाही, लांब बसून असतो. वकील कायद्याचं पुस्तक वाचत राहते, कारकून लिहीत राहतो, तारीख पडते, आणि बघता बघता आपण हसायला लागतो. कुणीही विनोद केलेला नसतो. हातवारे, वाजणारं पार्श्वसंगीत, हशा सुचवणारे ढोल, यांतलं काही नाही. लखोबाला असंच कोर्ट द्या. विनोद त्याच्यावर सोडा.

बायकांबद्दल मात्र सावध राहा. नाटकात त्या फसल्या याला लोक हसले, मी खोटं बोलत नाही. १९६२च्या प्रेक्षकाला दुसरं लग्न हा गुन्हा असतो ही गोष्टच नवी होती. मुंबई प्रांतातला द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६चा, म्हणजे बेळगाव जिल्ह्यालाही तेव्हापासून लागू. मग १९५५चा हिंदू विवाह कायदा. दुसरं लग्न केलेल्या माणसाला त्याबद्दल पिंजऱ्यात उभं राहावं लागतं हे दृश्य तोपर्यंत फारसं कुणी बघितलेलं नव्हतं. नवऱ्याची फजिती बघण्याची ती पहिली वेळ. आज माझ्या घरातल्या मुली त्या नाटकाची ध्वनिफीत ऐकताना लखोबाला हसतात आणि साक्षीदार बाई बोलायला लागली की गप्प होतात. त्यांना एकच प्रश्न पडतो: हिला कळलं कसं नाही? आमच्या आजीच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांना उत्तर माहीत होतं. स्थळ आलं, माणूस नोकरीवाला दिसला, बापानं हो म्हटलं, लग्न झालं. चौकशी करायला ना फोन, ना फोटो, ना गावात ओळख. कॅमेरा जवळ गेला की त्या बायका मूर्ख दिसतील ही भीती खरी आहे. म्हणून त्यांचं घर दाखवा. बाप हुंड्याची रक्कम मोजताना दाखवा. वय वाढत चाललेल्या मुलीकडे घरातले कसे बघतात तेही दाखवा. मग हसू आपोआप ज्याच्यावर पडायचं त्याच्यावरच पडेल.

आणि याचसाठी गोष्ट आजच्या काळात आणू नका. आज आधार कार्ड, मोबाइल आणि गल्लीतल्या दोन पोरी मिळून लखोबाचा निकाल अर्ध्या तासात लावतील. काळ पन्नासच्या दशकाचाच ठेवा.

आता निपाणी. इथे मी थोडा लांब बोलणार, कारण दुसरं कुणी बोलणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. १९६०च्या १ मेला महाराष्ट्र झाला, आम्ही बाहेर राहिलो. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी ‘मराठा’ दैनिकातून आणि व्यासपीठावरून रान उठवलं त्यांत अत्रे पहिल्या रांगेत. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी हे नाटक लिहिलं आणि आपल्या लफंग्याचा पत्ता दिला निपाणीचा. नकाशातून बाहेर गेलेलं गाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक नाट्यगृहात रोज रात्री उच्चारलं जायला लागलं, तेही आरोपीच्या तोंडून. अत्र्यांनी हे मुद्दाम केलं की त्यांना खटल्यातूनच सुचलं, ते असू दे. आमच्याकडे यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही रंगात येऊन मांडली जातात. एक म्हणतं, आमच्या गावाचं नाव चोराला लावलं. दुसरं म्हणतं, लावलं म्हणून तर मुंबईच्या माणसाला निपाणी आहे हे कळलं.

पण नाटकात निपाणी म्हणजे पत्ता आहे, गाव नाही. तुम्ही गाव दाखवू शकता. तंबाखूचा व्यापारी हेच सोंग का, हे निपाणीत येऊन बघितल्याशिवाय कळणार नाही. गावाला रेल्वे नाही, सगळा व्यवहार रस्त्यानं. व्यापारी म्हणजे सतत हिंडणारा माणूस. महिनाभर दिसला नाही तरी कुणी विचारत नाही, पैसा हातात खेळतो, आणि शेतकऱ्याचं पान कुठल्या प्रतीचं हे त्यानं सांगितलं की तेच खरं. इतकं सोयीचं सोंग दुसरं नाही. भावाच्या याच दुखण्यावरून १९८१ साली शरद जोशींच्या मागे तंबाखूवाले शेतकरी महामार्गावर बसले आणि ६ एप्रिलला गोळीबारात त्यांतल्या काहींचे जीव गेले. तो रस्ता आमच्या दारावरून जातो. ज्यांच्या घरात तंबाखू पिकला त्यांना लखोबा लग्नाच्या बाबतीत खोटा वाटतो, धंद्याच्या बाबतीत मात्र अगदी खरा. हे मत तुम्हाला पुण्यात ऐकायला मिळणार नाही.

वखारीत गेला नसाल तर जा. तंबाखू चाळणाऱ्या बायका तोंडाला फडकं बांधून बसलेल्या असतात, धूळ उडत असते. १९८२ साली युगांतर या स्त्रीवादी गटानं या बायकांवर ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा छोटा माहितीपट काढला, दीपा धनराज त्यांत होत्या. संघटना बांधणाऱ्या कामगार बायकाच त्यात आपली गोष्ट सांगतात. निपाणीच्या बाया कॅमेऱ्यापुढे कशा बोलतात याचा नमुना तयार आहे, तो बघा. लखोबाला फसलेल्या बायका सगळ्या मध्यमवर्गीय. त्याच्या स्वतःच्या गावातल्या बायकांना तो कसा वाटत असेल, याचा एखादा प्रसंग तुम्ही नव्यानं घातलात तर अत्रे वरून रागावणार नाहीत.

एक उदाहरण आमच्या घरचं देतो. कित्तूरची राणी चन्नम्मा काकतीची लेक. १९६१ साली बी. आर. पंतुलूंनी तिच्यावर कन्नड चित्रपट काढला, बी. सरोजादेवी राणी झाल्या. इथल्या म्हाताऱ्यांचं त्या चित्रपटावरचं मत आजही एकच आहे: राणी झकास, पण आमची काकती कुठाय? साठ वर्षांत लढाया विसरल्या, ही तक्रार नाही विसरली. निपाणीकर तुमचं हेच करतील.

बोलीचं सांगायला हवं. लखोबाची पाच सोंगं म्हणजे खरं तर पाच मराठी आहेत: शास्त्र्याची, लष्करातल्या अंमलदाराची, महाराजाची, नोकरदाराची आणि व्यापाऱ्याची. वेष बदलायला मेकअपवाला मिळतो, बोली बदलायला नटच लागतो. पहिल्या चार तुम्हाला मुंबईत सापडतील. पाचवी निपाणीत येऊन शिकावी लागेल. ती कोल्हापूरकडे झुकलेली, काकती-बेळगावची कन्नडाला खेटून वाढलेली; दोन्हीकडे ‘काय करालाईस’ ऐकू येईल, पण सूर वेगळा. मराठी चित्रपटात आमचा माणूस तोंड उघडतो ते हसं करून घ्यायलाच, याचा कंटाळा आला आहे. पुलं बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. त्यांनी ‘रावसाहेब’ लिहिले तेव्हा बेळगावची शिवराळ, उमदी बोली कागदावर आली आणि कुणालाही ती टिंगल वाटली नाही. रावसाहेबांच्या बोलण्याला आपण हसतो, रावसाहेबांना हसत नाही. लखोबाच्या बाबतीत उलटं करा, माणसाला हसू द्या, बोलीला नको.

गाणी नकोत हे सांगायला हवं का? सांगून ठेवतो. राधेश्याम महाराज दिसले की तुमच्या संगीतकाराला भजन सुचेल. एक चालेल, तेही अर्धं. परदेशात चित्रीकरण नको. कॅप्टन परांजपेला विमानात बसवू नका. शेवटी लखोबाला पश्चात्ताप झालेला तर मुळीच दाखवू नका; लोक उठून जातील आणि नाटक बरं म्हणतील, तेव्हा मात्र ते शंभर टक्के बरोबर असतील.

प्रेक्षकाचं गेलेलं काम परत देता येईल का, यावर माझ्याकडे एक साधा उपाय आहे. संकलनाला बसण्याआधी कच्चा चित्रपट माणसांना दाखवा, ओळखीच्यांना नव्हे. निपाणीत दाखवा, बेळगावात दाखवा. इथली जुनी ‘रिट्झ’ टॉकीज आता लोकमान्य रंगमंदिर झाली आहे, म्हणजे सिनेमाच्या जागेत नाटक आधीच शिरलेलं आहे, तुमचं काम सोपं. घड्याळ घेऊन मागे बसा आणि कुठे हसतात, किती वेळ हसतात ते टिपून घ्या. तेवढी जागा वाक्यांमध्ये सोडा. नाटकवाले हे रोज रात्री करत आले. तुम्हाला एकदाच करायचं आहे.

चित्रपट लागला की पहिला खेळ निपाणीत लावा. मुंबईतले पाहुणे आणायचे तर आणा, पण त्यांना मागच्या रांगा द्या. आणि कुणी स्वतःला तंबाखूचा व्यापारी म्हणवून फुकट पास मागायला आला, तर आधी त्याचा कागद बघा.



आपला,
काकतीचा एक प्रेक्षक